बेलग्रेडचा बेत

स्तामेन्काचा बेलग्रेडला जायचा बेत सहा वर्षांचा झाला होता. आमच्या क्रिवी ब्रेस्त गावात वाढत राहिलेली ती एकच गोष्ट म्हणायची, कारण बाकी सगळं घटतच चाललं होतं. शाळेला कुलूप लागून बारा वर्षं झाली. दुकान गेलं, टपाल गेलं, पाव आठवड्यातून तीनदा गाडीतून येतो आणि गाडीवाला भोंगा वाजवून पाच मिनिटांत पळतो, जणू आमच्याकडे साथ आलीय. व्हिएन्नाला जाऊन कमावलेल्यांनी दुमजली घरं बांधली, दारात सिमेंटचे सिंह बसवले, आणि आता त्या घरांत सिंहांशिवाय कुणी नाही. थंडीत धुराड्यातून धूर निघतो अशी घरं एकोणीस. त्यांतल्या एका घरात स्तामेन्का राहते, एक शेळी आणि नऊ कोंबड्या घेऊन. वय एकाहत्तर, डावा गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र शाबूत.

बेत लिहिलेला असायचा चर्चच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. दर वर्षी नवं कॅलेंडर, नवा बेत. शुक्रवारी सकाळी सहा चाळीसची बस फाट्यावरून. सोमवारी परत, कारण शेळी तीन दिवसांपेक्षा जास्त परक्या हाताला दूध देत नाही. सोबत चीज दोन किलो, अंडी भुशात घालून, आणि भाजलेल्या लाल मिरच्यांचं वाटण, म्हणजे आमचं ऐवार, त्याच्या सहा बरण्या. शेवटच्या ओळीला मुलीचा पत्ता: नवं बेलग्रेड, सातवा मजला, बेलवर नाव बिसेनिया.

आणि दर वर्षी कुठेतरी माशी शिंकायचीच. एकदा शेळी व्यायली, एकदा गुडघा सुजला, एकदा ती साथ आली आणि म्हाताऱ्यांना दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. एका वर्षी तर बसच बंद होती. शेजारीण पेर्सिदा म्हणायची की अगं स्तामेन्का, चंद्रावर माणसं जाऊन आली आणि तुझं अजून शेळीपाशीच अडलंय. स्तामेन्का तिला फटकारून लावायची. पण खरं कारण शेळी नव्हतं आणि गुडघाही नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. खरं कारण हे की तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

त्याला कारण तो दगड.

नवरा ल्युबिसाव गेला तेव्हा स्तामेन्कानं आमच्या रीतीप्रमाणे काळ्या ग्रॅनाइटचा दगड केला. वर ल्युबिसावचं नाव, दोन्ही सालं, चिनी मातीच्या लंबगोल चकतीवर त्याचा फोटो. खाली तिचं स्वतःचं नाव, जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा. हे सगळेच करतात. मागे राहिलेल्याचं नाव आधीच कोरून ठेवलं की आयुष्य वाढतं म्हणतात, आणि पोरांना नंतर धावपळ नको. पेर्सिदाच्या सासूनं तर आपल्या नावापुढे एकोणीसशेचे पहिले दोन आकडेसुद्धा कोरून घेतले होते आणि मग बाई दोन हजार अकरापर्यंत ठणठणीत जगली. आकडे खोडताना पाथरवट हसून हसून बेजार झाला होता.

पण स्तामेन्का तिथे थांबली नाही. तिनं तिसरी ओळ घातली. बिसेनिया, जन्मसाल, रेघ. आणि भिंतीवरचा तिच्या पदवीच्या दिवसाचा फोटो काढून त्याचीही चकती करून बसवली.

का केलं, तर मायेनं केलं. तिच्या डोक्यात हिशेब सरळ होता. लग्न झालेली पोर नवऱ्याच्या दगडाखाली जाते. बिसा सदतिसाची झाली होती, लग्न नाही, मूल नाही, बेलग्रेडमध्ये एकटी. मग ही मेल्यावर जाणार कुठे? पितरांच्या शनिवारी हिच्यासाठी मेणबत्ती कोण लावणार, उकडलेला गहू कोण ठेवणार? आईबापाच्या पायाशी तरी जागा हक्काची असू दे. एवढाच विचार. विचारलं नाही तिला, कारण असलं काही विचारायचं असतं हेच स्तामेन्काला माहीत नव्हतं.

वर्षश्राद्धाला बिसा आली, आणि नेमकी त्याच दिवशी एका माणसाला घेऊन आली. चष्मा लावणारा, हळू बोलणारा, हातात स्तामेन्कासाठी फुलांचा गुच्छ. आईला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून आधी काही सांगितलं नव्हतं. सगळी मंडळी वाइन आणि गहू घेऊन थडग्यापाशी जमली, आणि बिसा आपल्याच फोटोपुढे उभी राहिली. तो माणूस आधी हसला, त्याला वाटलं त्याच नावाची दुसरी कुणी असेल. मग त्यानं फोटो पाहिला.

बिसानं तिथे आरडाओरडा केला नाही. जेवणं होईपर्यंत थांबली, भांडी विसळली, आणि जाताना अंगणात आईला एवढंच म्हणाली, "तू माझा हिशेब मिटवून टाकलास. माझ्या पुढे काही असेल असं तुला वाटलंच नाही."

तो माणूस त्याच हिवाळ्यात तिला सोडून गेला. दगडामुळे गेला नसेल, माणसं हजार कारणांनी जातात. पण स्तामेन्कानं मनाशी पक्कं धरलं की दगडामुळेच गेला. त्यानंतर बिसाचा फोन यायचा रविवारी, मोजून दोन मिनिटं, हवेच्या गोष्टी. तिकडे पाऊस आहे का, इकडे धुकं आहे. स्तामेन्का दर वेळी म्हणायची की मी येईन म्हणते एकदा, आणि पलीकडून उत्तर यायचं की बघू. सहा वर्षं बघूच चाललं होतं. सख्खी पोर, पण बोलताना स्तामेन्का कानकोंडी व्हायची, सरकारी कचेरीत उभं राहावं तशी.

यंदा ऑक्टोबरच्या मध्यात मात्र फोन बुधवारी आला. स्तामेन्का मिरच्या भाजत होती, हात काळे झाले होते, तिनं कोपरानं फोन उचलला. बिसा म्हणाली, तू यायचं म्हणत होतीस ना आई, मग ये. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारला धरून ये. ऐवार आणू नकोस, मला हल्ली तिखट सोसत नाही. फोन ठेवल्यावर स्तामेन्का बराच वेळ उभी होती. मिरच्यांचा एक घाणा करपून कोळसा झाला.

पहिला शनिवार म्हणजे पितरांचा शनिवार. त्या दिवशी आमच्याकडे कुणी गाव सोडत नाही, उलट बाहेरचे गावात येतात. पण स्तामेन्कानं क्षणभरही मागेपुढे पाहिलं नाही. ल्युबिसावची मेणबत्ती पेर्सिदा लावेल. मेलेल्यानं एक वर्ष समजून घ्यावं.

पेर्सिदाला बातमी कळली आणि तिची जीभ सुटली. जावई मिळाला असणार बघ. नाही तर तिखट सोसत नाही म्हणजे काय, पोटुशी असेल तुझी पोर, त्रेचाळिसाव्या वर्षी हल्ली होतात मुलं, बेलग्रेडचे डॉक्टर काय वाटेल ते करतात. स्तामेन्का म्हणाली, गप बस, माझ्या नशिबात असलं काही लिहिलेलं नाही. आणि ती खरंच तसं मानायची. चांगलं काही होईल असं मानायची सवयच तिला उरली नव्हती. पण पेर्सिदा गेल्यावर तिनं पेटीच्या तळातलं लोकरीचं छोटं पांघरूण बाहेर काढलं, बिसाचंच होतं, झटकलं, नाकाशी धरलं, आणि स्वतःवरच चिडून परत खाली कोंबलं.

बेत आता खरा झाला होता, आणि खऱ्या बेताची पहिली ओळ बस नव्हती. पहिली ओळ दगड होती. ते नाव तिथे असताना पोरीच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

पाथरवट तिहोमिरचं अंगण फाट्यावरच आहे, बस थांबते तिथेच. तिहोमिर पन्नाशीचा, सिगारेट ओढत दगडाची भुकटी खाणारा, वर्षाला दहा नवी थडगी आणि शून्य नवी घरं अशी ज्याची कमाई. स्तामेन्काचं म्हणणं ऐकून त्यानं हात टेकले.

"मावशी, दगड आहे तो, शाळेतली पाटी नव्हे," तो म्हणाला. "घासलं की खड्डा पडणार. आणि एकदा घासल्या जागी मी परत अक्षर कोरणार नाही, कडा फुटतात. नीट विचार कर."

"परत कोरायला सांगायला मी वेडी आहे का?" स्तामेन्का म्हणाली.

तो मशीन घेऊन आला. दिवसभर दफनभूमीत घरघर चालली होती. पेर्सिदा कुंपणाशी उभी राहून बघत होती आणि शेवटी न राहवून म्हणाली की जिवंत माणसाचं नाव कोरलं तर आयुष्य वाढतं, हे माहीत आहे. पण जिवंत माणसाचं नाव पुसलं तर काय होतं, कुणास ठाऊक, आजवर कुणी तसं केलंच नाही. स्तामेन्कानं तिच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की ती कोंबड्यांचं निमित्त काढून निघून गेली. पण शब्द लागायचा तो लागला.

संध्याकाळी दगडावर दोन नावं राहिली होती आणि खाली एक फिकट, खोलगट पट्टा. काळ्या दगडावर तो पट्टा आधीच्या नावापेक्षा जास्त ठळक दिसत होता. तिहोमिरनं फोटोची चकती न फोडता काढून दिली होती. स्तामेन्कानं ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. ही बिसाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, घे, तुझी तू. एवढं एक वाक्य तिनं पाठ करून ठेवलं होतं. शेळीशी बोलतानाही म्हणून बघायची.

मग बाकीचं. चीज बांधलं. अंडी भुशात घातली. बिसानं नको म्हटलं तरी ऐवारच्या दोन बरण्या घातल्या, कारण रिकाम्या हातानं पोरीकडे जायचं म्हणजे काय. केस पेर्सिदाकडून कापून घेतले. ल्युबिसावच्या मयताला घेतलेले काळे बूट पुसले, तेवढे एकच चांगले होते. कॅलेंडरच्या मागची प्रत्येक ओळ एकेक करून खोडली गेली. गेल्या सहा वर्षांत एवढ्या ओळी कधी खोडल्या नव्हत्या. स्तामेन्काला त्याचीच धास्ती वाटायला लागली. सगळं एवढं सुरळीत आपलं कधी झालंय?

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

बिसानं बस किती वाजता पोचते विचारलं. मग थोडं थांबून, हवा कशी आहे विचारावं तसं विचारलं, "आई, दगडावर माझं नाव आहे ना अजून?"

स्तामेन्काला हे बेलग्रेडला पोचल्यावर सांगायचं होतं, समोरासमोर, चकती हातात देऊन. पण सहा वर्षं जीव टांगणीला लागलेल्या बाईला तेवढा दम कुठला निघायला.

"नाही गं बाळा. काढून टाकलं. तिहोमिरनं मशीननं घासलं, आता काही म्हणता काही नाही तिथे. फोटोपण काढला, तुझ्यासाठी आणतेय."

स्तामेन्काला वाटलं फोन तुटला, तिनं तो दुसऱ्या कानाला लावला.

"कशाला काढलंस गं," बिसा म्हणाली.

"तुला नको होतं म्हणून."

"हो. नको होतं."

मग बिसानं सांगितलं. रडली नाही, अडखळली नाही, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मार्चमध्ये पोटात गाठ निघाली. दोनदा कापलं. सगळ्या उन्हाळ्यात औषधं झाली, रविवारचे कितीतरी फोन तिनं हॉस्पिटलच्या खाटेवरून केले होते, पाऊस आहे का विचारत. आता डॉक्टर कापू म्हणत नाहीत, औषधही बदलू म्हणत नाहीत. घरी रहा म्हणतात.

स्तामेन्काच्या तोंडातून फक्त पोरीचं नाव निघत होतं, बिसा, बिसा.

"इथे जागा भाड्यानं मिळते, आई. दहा वर्षांची. पुढे भाडं भरायला माझं कोण आहे? मला बाबांजवळ ठेव." आणि मग बिसा म्हणाली, "तू तेव्हा बरोबरच होतीस."

सहा वर्षं स्तामेन्का देवापाशी हेच मागत होती, की पोरीनं एकदा म्हणावं, आई, तुझं चुकलं नाही. आज ते ऐकलं, आणि तिला वाटलं आपल्या कानात कुणी शिसं ओतलं असतं तर बरं होतं.

फोन ठेवल्यावर तिनं आधी बरण्या पिशवीतून काढल्या. मग चीज काढलं, मग अंडी. सगळं टेबलावर मांडलं आणि पाहत बसली. बिसाला यातलं काही खाता येणार नव्हतं. मार्चपासून येत नव्हतं, आणि आपण ऑक्टोबरात मिरच्या भाजत होतो. पेर्सिदाचं वाक्य परत परत डोक्यात येत होतं. नाव पुसलं, तर काय होतं? तिला कळत होतं की मार्च आधी आला आणि मशीन नंतर आली. तारखा तिला समजत होत्या. पण आईच्या मनाला तारखा समजावून काय उपयोग?

संध्याकाळच्या आत तिनं शेळी दोरीला धरून पेर्सिदाच्या अंगणात नेली. पेर्सिदानं विचारलं, सोमवारपर्यंत ना? स्तामेन्का म्हणाली, ठेव तुझ्याकडेच. कोंबड्यापण ने. मग तिनं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. पेर्सिदासारखी पेर्सिदा, पण नुसतीच शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शुक्रवारी सकाळी धुकं होतं. स्तामेन्का निघाली तेव्हा पेर्सिदा तांब्या घेऊन फाटकाशी आली आणि तिच्या पावलांमागे पाणी ओतलं, प्रवास पाण्यासारखा सरळ होवो म्हणून ओततात तसं. ओतताना ती रडत होती. स्तामेन्कानं मागे वळून पाहिलं नाही, कारण वळायचं नसतं.

फाट्यावर बसला अजून वेळ होता. तिहोमिर अंगणात कॉफी पीत बसला होता. तिला बघून म्हणाला, झालं का मावशी, निघालीस एकदाची, आता पोरीकडून मला चांगली बाटली पाठव. स्तामेन्का त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली की नाव परत घालायचं आहे.

तिहोमिरनं कपाळाला हात लावला. आधी लिही, मग पूस, मग लिही, मी काय तुझ्या पोरखेळाला बसलोय का, असं काहीतरी तो बोलायला लागला, आणि मग त्यानं तिचा चेहरा नीट पाहिला. वर्षाला दहा थडगी करणाऱ्या माणसाला चेहरे वाचता येतात. त्यानं कप खाली ठेवला, सिगारेट विझवली. मग हळू आवाजात म्हणाला, की त्या खड्ड्यात अक्षर धरणार नाही. एकच करता येईल. सगळा दगड पुढून एकसारखा घासून खाली घ्यायचा, खड्डा जाईपर्यंत, आणि तिन्ही नावं नव्यानं कोरायची.

"कर," स्तामेन्का म्हणाली.

"आणि फोटो? दिला होता तो तुला."

तिनं पर्समधून रुमाल काढला, चकती काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पदवीच्या टोपीखाली हसणारी बावीस वर्षांची बिसा. तिहोमिरनं मूठ मिटण्याआधीच स्तामेन्कानं ती परत उचलली.

"हा राहू दे अजून माझ्याजवळ. मी येईन घेऊन."

वळणावर बसचे दिवे दिसले. तिहोमिरनं कानावरची पेन्सिल काढली आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता सवयीनं विचारलं, "क्रम आधीचाच ना, मावशी? काका, मग तू, मग ती?"

बस येऊन थांबली, दार उघडलं. स्तामेन्कानं कठड्याला धरून दुखरा पाय पायरीवर चढवला आणि तिथूनच म्हणाली, "काका, मग ती. मी खाली."

तिहोमिर पेन्सिल धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं बेलग्रेड का म्हणून विचारलं, आणि परतीचं काढायचं का, परतीचं स्वस्त पडतं. स्तामेन्का म्हणाली, नको, जायचंच दे. मग ती खिडकीशी जाऊन बसली. सामान काही नव्हतं, म्हणून दोन्ही हात मांडीवर ठेवले.